नळी पोचली तिथवर

अमरावतीत अंबागेटाच्या आत, देवळाकडे जाणाऱ्या गल्लीत फुलवाल्या बायांची ओळ बसायची. त्या ओळीत तिसरी जागा जयवंताबाईची. जागा कोणी लिहून दिलेली नव्हती, पण वीस वर्षांत दुसऱ्या कोणी ती घेतलीही नव्हती. अंगानं उंच, हात लांब, बोलणं मोजकं. हार ओवताना ती हाताकडे पाहायची नाही. गिऱ्हाइकाशी बोलता बोलता केळीच्या सोपटाच्या धाग्यात मोगरा असा आवळून बसवायची की कळी तुटेल, पण गाठ सुटायची नाही. बडनेऱ्याच्या रस्त्याला तिच्या नवऱ्याचा, देवरावाचा, दीड एकराचा फुलमळा होता. देवरावानं पाणी द्यायचं, जयवंतानं फुलं तोडायची, ओवायची आणि विकायची, अशी वाटणी लग्नापासून चालत आलेली. एक मुलगा उद्धव, त्याची बायको सिंधू. माळ्याचं घर, दिवस हातावर उगवायचा. तरी घरात कशाची उणीव नव्हती.

१९५७ चा उन्हाळा होता. मोगऱ्याचा भर. एक दिवस सकाळी मळ्यामागच्या नाल्याकडून परत येताना तिला लुगड्याला रक्त लागलेलं दिसलं. तिचं वय तेव्हा सत्तेचाळीस. पाळी जाऊन दोन वर्षं झाली होती. परत आली म्हणायची, असं मनाशी म्हणून तिनं हातातली टोपली तिथंच खाली ठेवली आणि लांबूनच सुनेला हाक मारली.

"सिंधू, आज फुलं तू तोड. मले शिवायचं नाई."

सिंधूनं एकदा तिच्याकडे पाहिलं. नवीन सून, विचारायची कशी? टोपली उचलली.

देवीच्या फुलांना विटाळाचा हात लागू द्यायचा नाही, हा जयवंताच्या सासूचा दंडक. सासू जाऊन बारा वर्षं झाली होती, दंडक राहिला होता. चार दिवस ती गोठ्याशेजारच्या पडवीत बसली. पाचव्या दिवशी न्हाली. सहाव्या दिवशी पुन्हा रक्त. परत पडवीत. आठव्या दिवशी देवरावानं मोटेचे बैल सोडता सोडता विचारलं, "अजून बसलीच काय तू?"

"बसली."

"काहून एवढे दिवस?"

"मले काय ठाऊक काहून. जाता जाता असं होते म्हनते बायाइचं."

नवव्या दिवशी ते आपोआप थांबलं. पुढच्या महिन्यात काही नाही. आषाढात पुन्हा. या खेपेला तिला संशय आला. रक्त परसाकडे गेल्यावरच दिसायचं, त्यामुळे हे पाळीचं वाटेना. तिनं देवरावाच्या जुन्या धोतराची एक पट्टी फाडून घेतली, धुतली, वाळवली, आणि दोन दिवस स्वतःवर पाळत ठेवली. दुसऱ्या दिवशी तिची खात्री झाली. रक्त पुढून येत नव्हतं. मागून येत होतं.

तिला आधी हायसं वाटलं. मग लाज वाटली, आणि ही लाज पहिलीपेक्षा मोठी होती. पाळीची गोष्ट निदान सुनेला सांगता येते. ही कोणाला सांगायची?

गल्लीत देवळाच्या पूजेतल्या घराण्यातल्या एक रमाकाकू राहायच्या. शुक्रवारची वेणी त्या जयवंताकडूनच घ्यायच्या. स्वभावानं मोकळ्या, घरात पोथ्यापुराणांचा राबता, त्यामुळे आळीतल्या बाया शंका घेऊन त्यांच्याकडेच जात. जयवंता त्यांच्या मागच्या दारी जाऊन उभी राहिली. बराच वेळ तिनं तुळशीच्या पारावरचं गवत उपटलं. मग म्हणाली,

"काकू, एक इचारू? पाळी नाई, पन रगत जाते. परसाकडच्या वाटेनं. तर त्याचा विटाळ असते काय?"

रमाकाकूंनी हातातलं सूप खाली ठेवलं. "मूळव्याध आहे तुला?"

"असन."

"मग तो विटाळ नव्हे. बोट कापलं तर जे रक्त येतं, तसंच ते. जखमेचं. आंघोळ कर, हात धू, आणि फुलं ओव. पण जयवंते, औषध घे. अंगावर काढू नको."

त्या दिवसापासून तिच्या दुखण्याला नाव मिळालं. नाव असलं की माणूस दुखणं सोसतो. ती सुरणाची भाजी खाऊ लागली, ताक पिऊ लागली, नागकेशर लोण्यात कालवून सकाळी चाटू लागली. रक्त वर्षातून चार-पाच वेळा यायचं, दोन-तीन दिवस राहायचं, जायचं. दुखत काहीच नव्हतं. पोटात कळ नाही, आग नाही, खाज नाही. हेच तिला अधूनमधून खटकायचं. तिच्या ओळीतल्या भागीरथाबाईला मूळव्याध होती, आणि ती बसताना दोन हात टेकून, दात आवळून बसायची. आपल्याला दुखत कसं नाही?

पुढच्या दिवाळीला तिचा भाऊ किसनराव हिवरखेडहून आला. ओवाळून घेताना त्यानं बहिणीचे हात पाहिले. निरांजनाच्या उजेडातही नखं पांढरी दिसत होती. त्यानं खोदून विचारलं तेव्हा तिनं खाली मान घालून सांगितलं. भाऊ म्हणाला, "तेल्हाऱ्याच्या अंगाला एक मानूस आहे. मूळव्याधीचे कोंब जाळते. लय जनांचे बरे केले त्यानं. माह्यासंग चाल."

ती गेली. बडनेऱ्याहून रेल्वेनं अकोला, अकोल्याहून मोटारीनं पुढं. त्या माणसानं एका अंधाऱ्या खोलीत तिला पालथं झोपवलं, पाहिल्यासारखं केलं, आणि आत कसलासा लेप भरला. दहा दिवस ती भावाच्या घरी कुशीवर पडून राहिली. ना बसता येई, ना उताणं निजता येई. आगीचा लोळ आत ठेवल्यासारखं व्हायचं. भावजय गरम पाण्याचं घमेलं आणून ठेवायची आणि तोंड फिरवून रडायची. दहाव्या दिवशी त्या माणसानं सांगितलं, कोंब गळून पडले. आता जन्मात रक्त दिसायचं नाही.

तीन महिन्यांनी दिसलं. आणि ते आधीपेक्षा जास्त होतं. लालभडक नव्हे, थोडं काळपट, लाखेच्या रंगाचं. तिनं भावाला पत्र पाठवू दिलं नाही. त्यानं एवढ्या मायेनं नेलं होतं, त्याला काय कळवायचं?

१९६० च्या नवरात्रात, सातव्या माळेला, ती बसल्या जागेवरून फुलांच्या टोपलीत कोसळली. गल्लीत पाय ठेवायला जागा नव्हती. भागीरथाबाईनं तिचं डोकं मांडीवर घेतलं, कोणी कांदा फोडून नाकाशी धरला. उद्धव धावत आला, आईला त्यानं सायकलरिक्षात घातलं आणि राजकमल चौकापलीकडे भगवंतराव डॉक्टरांकडे नेलं.

भगवंतराव पांढरीपांडे मुंबईला शस्त्रक्रिया शिकून आलेले, पन्नाशीचे गृहस्थ. त्यांच्या दवाखान्यात आठ खाटा, एक ऑपरेशनची खोली आणि चारुशीलाबाई नावाची एक नर्स. त्यांनी जयवंताची खालची पापणी ओढून पाहिली. आत लाली अशी नव्हतीच.

"किती दिवसांपासून रक्त जातं आहे?"

तिनं समोर उभ्या उद्धवकडे पाहिलं. चारुशीलाबाईंनी त्याला बाहेर काढलं, दार लावलं. जयवंतानं भिंतीकडे तोंड वळवलं.

"बाई, मला सांगितलं नाही तर मला कळणार कसं?"

"तीन वर्स झाले," ती तशीच म्हणाली. "मूळव्याध आहे मले."

डॉक्टरांनी तपासावं लागेल म्हटल्यावर तिनं पदर घट्ट आवळला. आयुष्यात नवऱ्याशिवाय दुसऱ्या पुरुषाचा हात अंगाला लागला तो तेल्हाऱ्याकडच्या त्या माणसाचा, आणि त्याची आठवण अजून ओली होती. चारुशीलाबाई तिच्या उशाशी बसल्या. म्हणाल्या, "मी इथंच आहे. तुमचा हात सोडत नाही. चादर अंगावर राहील. जेवढं लागेल तेवढंच उघडं." त्यांनी खरंच हात सोडला नाही. डॉक्टरांनी बोटानं तपासलं, मग एक आखूड, रुंद नळी घालून बॅटरीच्या उजेडात पाहिलं. हात धुतले. समोर खुर्ची ओढून बसले.

"जयवंताबाई, तुम्हाला मूळव्याध नाही. एक जुना जळाल्याचा वण आहे, तो कोणीतरी केलेला. पण मूळव्याध नव्हती आणि नाही."

दुसऱ्या कोणाला हे ऐकून बरं वाटलं असतं. जयवंताच्या मनात वेगळंच आलं. मूळव्याध नाही, तर रमाकाकूंनी जे सांगितलं त्याचं काय? तीन वर्षं आपण कसल्या हातांनी देवीचे हार ओवले?

"मंग रगत कुठून येते?"

"तेच पाहायचं आहे. त्यासाठी एक लांब नळी आहे माझ्याकडे. आधी आठ दिवस दवाखान्यात राहा. रक्त वाढायची इंजेक्शनं देतो."

आठ दिवसांनी पहाटे चारुशीलाबाईंनी दोनदा एनिमा दिला. साबणाचं कोमट पाणी, पोट पिळवटून निघालं. मग तिला टेबलावर गुडघे आणि कोपरं टेकून, डोकं उशीवर ठेवून ओणवं केलं. लहानपणी मळ्यात निंदायला बसताना असं वाकलं की काही वाटत नसे. आज त्या अवस्थेत तिला वाटलं, आपण माणसात नाही. नळी पोलादाची होती, फूटभर लांब, सरळ, टोकाला तांदळाच्या दाण्याएवढा दिवा. डॉक्टर रबरी फुग्यानं आत हवा भरत होते आणि नळी पुढं सरकवत होते. एका ठिकाणी ती अडली. डॉक्टरांनी थोडी मागं घेतली, वळवली, पुन्हा रेटली. जयवंताच्या तोंडून आवाज निघाला नाही, पण चारुशीलाबाईंच्या मनगटावर तिची नखं उमटली.

"बस," डॉक्टर म्हणाले. "याच्या पुढं जात नाही."

त्यांनी तिला आणि देवरावाला समोर बसवून औषधाच्या चिठ्ठीवर पेन्सिलीनं आकृती काढली. मोठं आतडं उजव्या कुशीतून वर चढतं, बरगडीखालून आडवं जातं, डाव्या कुशीतून खाली येतं आणि मग नागमोडी वळून मागच्या वाटेला लागतं. सगळं मिळून तीन-साडेतीन हात. त्यांनी शेवटच्या टोकाशी एक आडवी रेघ मारली.

"मी इथवर पाहिलं. इथवर सगळं साफ आहे. फोड नाही, गाठ नाही, जखम नाही. पण रक्त वरून खाली येताना दिसलं. म्हणजे ते याच्या वरून कुठून तरी येतं."

देवराव कागदावर वाकला. रेघेच्या खाली बोटभर जागा होती. वर सगळं बाकी. "मंग वरतं पाहा नं साहेब."

"आतडं वळतं, देवराव. नळी पोलादाची आहे, ती वळत नाही. जोर लावला तर आतडं फाटेल. जगात कुठल्याच डॉक्टरला तिथं डोळा लावून पाहता येत नाही."

जयवंता इतका वेळ मान खाली घालून बसली होती. ती म्हणाली, "एक सांगा साहेब. हे विटाळाचं रगत त नाई?"

भगवंतराव हसले नाहीत. "नाही. हे आतड्याचंच आहे."

"तुमी पाह्यलं?"

ते घोटाळले. नळीच्या टोकाशी उतरणारं रक्त त्यांनी पाहिलं होतं, ते कुठून सुटतं ते पाहिलं नव्हतं. खोटं बोलायची त्यांना सवय नव्हती. "कुठून निघतं ती जागा पाहिली नाही," ते म्हणाले. "पण दुसरं काही असू शकत नाही."

डॉक्टरांच्या दृष्टीनं उत्तर पुरं झालं होतं. तिच्या मनातून मात्र ते उतरलं नाही. घरी आल्यावर तिनं सिंधूला बोलावून सांगितलं की आजपासून देवळाच्या गल्लीत तू बसायचं. देवीच्या हाराला मी शिवणार नाही. लग्नाच्या मुंडावळ्या, घरच्या वेण्या, एवढंच मी करीन. सिंधू म्हणाली, "आत्याबाई, डाक्तरनं त नाई म्हटलं." जयवंता म्हणाली, "त्यानं जागा पाह्यली नाई." तिसऱ्या जागेवर सिंधू बसू लागली. तिचे हार सैल व्हायचे. जुनी गिऱ्हाइकं काही बोलायची नाहीत, पण पुढच्या टोपलीकडे सरकायची.

पुढच्या वर्षी भगवंतरावांनी चिठ्ठी दिली आणि देवराव तिला नागपूरला घेऊन गेला. तिथं मागच्या वाटेनं चुन्याच्या निवळीसारखं पांढरं औषध भरून क्ष-किरणाचे फोटो काढत. टेबल कलायचं, ती कलायची. कोणीतरी काचेपलीकडून ओरडायचं, श्वास रोखा, सोडा, डाव्या कुशीवर वळा. भरलेलं पोट घेऊन, काही सांडू नये म्हणून सारं अंग आवळून ती वळत राहिली. फोटो तयार होईपर्यंत दोन दिवस ती धर्मशाळेत पडून राहिली. मग दोघं फोटो घेऊन अमरावतीला आले. भगवंतरावांनी ते खिडकीच्या काचेला लावून पाहिले. आतड्याची पांढरी सावली कडेकडेनं स्वच्छ दिसत होती. कुठं खाच नाही, कुठं अडथळा नाही.

"यात काही नाही," ते म्हणाले. "म्हणजे मोठी गाठ नाही, एवढं समाधान. पण बारीक ओरखडा असेल, एखादी शीर फुटत असेल, तर ती सावलीत उमटत नाही."

देवरावानं फोटो पुन्हा लिफाफ्यात घातले. तो मळ्यातला माणूस. गुलाबाचं पान पिवळं पडलं तर तो मुळाशी उकरायचा आणि कीड बोटानं काढून दाखवायचा. इथं बायको डोळ्यांदेखत पिवळी पडत होती आणि एवढे शिकलेले लोक उकरूनही हात झटकत होते. त्यानं पायरीवर बसून बिडी पेटवली, ओढायची विसरला.

१९६२ च्या पौषात एकदम खूप रक्त गेलं. तीन दिवसांत तिला उठून बसता येईना. भगवंतरावांनी देवरावाला आणि उद्धवला खोलीत घेतलं. म्हणाले, आता एकच वाट आहे. पोट उघडतो, आतडं हातात घेऊन पाहतो. सापडलं तर तेवढा भाग काढतो.

"अन् नाई सापडलं त?" उद्धवनं विचारलं.

"तर शिवून टाकतो."

उद्धवचं रक्त आईच्या रक्ताशी जुळलं. त्याला शेजारच्या खाटेवर निजवून बाटलीभर रक्त काढलं, ते तिला दिलं. पोराचं रक्त आपल्यात येत आहे, हे तिला आवडलं नव्हतं. ती क्षीण आवाजात म्हणत होती, "बाहीरच त जाऊन राहिलं सारं. काहून वाया घालवता?"

ऑपरेशन अडीच तास चाललं. बाहेर बाकावर देवराव, उद्धव आणि हिवरखेडहून आलेला किसनराव. भगवंतराव बाहेर आले तेव्हा त्यांचा सदरा पाठीला चिकटला होता. ते बाकावर त्यांच्याच शेजारी बसले. असं ते कधी बसत नसत.

"या टोकापासून त्या टोकापर्यंत इंच इंच हाताखालून घातलं. दोनदा. वरून सगळं निरोगी आहे. गाठ हाताला लागते. पण आतल्या अस्तरावरची बारीक शीर हाताला लागत नाही. रक्त त्या वेळी थांबलेलं होतं."

"एखांदा तुकडा काढून टाकाचा होता," किसनराव म्हणाला.

"कोणता?" भगवंतरावांनी विचारलं. त्यांच्या बोलण्यात राग नव्हता. "सांगा तुम्ही, कोणता काढू? उजवा काढला आणि रक्त डाव्यातून येत असलं तर? माझे काही मित्र काढतात, अंदाजानं. माझा हात झाला नाही."

तेल्हाऱ्याच्या त्या माणसाकडे बहिणीला आपण नेलं, हे किसनरावाला त्या क्षणी इतकं डाचलं की तो उठून रस्त्यावर जाऊन उभा राहिला.

आणि गंमत अशी की त्यानंतर रक्त थांबलं. एक महिना, दोन महिने, चार महिने. टाके सुकले. तिच्या गालांवर रंग आला. ती मळ्यात जाऊन निंदू लागली. लोक म्हणाले, डॉक्टरच्या हाताला यश आहे. भगवंतराव स्वतः काही म्हणाले नाहीत, पण रस्त्यात उद्धव भेटला की सायकल थांबवून विचारायचे, "आई कशी आहे?" आणि उत्तर ऐकून मान हलवायचे.

भाद्रपदात रमाकाकू मळ्यावर आल्या. म्हणाल्या, "जयवंते, आता तू बरी झालीस. या नवरात्रात पहिल्या माळेचा हार तुझ्या हातचा हवा. मी सांगते, काही दोष नाही." तिनं दोन दिवस विचार केला. मग घटस्थापनेच्या पहाटे न्हाऊन, ओलेत्यानं शेवंती आणि तगर तोडली, आणि दोन वर्षांनी गल्लीतल्या तिसऱ्या जागेवर जाऊन बसली. सिंधू तिच्या बाजूला. पहिला हार तिनं ओवला तेव्हा बोटं थोडी अडखळली, मग चालू लागली. त्या नऊ दिवसांत तिच्याइतकी सुखी बाई त्या गल्लीत नव्हती. भागीरथाबाई तिला म्हणाली, "तुयं तोंड पाय आरशात. पोरीवानी दिसून राह्यलं." तर ती लाजली.

कार्तिकी पौर्णिमेला रक्त परत आलं. तिनं ते पाहिलं, धोतराची पट्टी धुतली, आणि घरात कोणाला काही न सांगता टोपली सिंधूच्या दाराशी ठेवली. सिंधूला टोपली पाहूनच कळलं.

पुढची तीन वर्षं अशीच गेली. येणं-जाणं. भगवंतराव लोहाच्या गोळ्या द्यायचे, त्या गोळ्यांनी परसाकडे काळं व्हायचं आणि मग रक्ताचं काळं कोणतं नि गोळीचं कोणतं तेही ओळखू यायचं नाही. दम लागू लागला. मळ्याच्या विहिरीपासून घरापर्यंत येताना ती दोनदा बसायची. उद्धवनं आणखी दोन वेळा रक्त दिलं. त्यानंतर पुन्हा वेळ आली तेव्हा ती खाटेवर उठून बसली आणि हात जोडून डॉक्टरांना म्हणाली, "आता पोराचं नका घेऊ."

१९६५ च्या हिवाळ्यात एक दिवस भगवंतरावांनी मुद्दाम तिला बोलावून घेतलं. टेबलावर एक इंग्रजी मासिक उघडं होतं. त्यात एका काळ्या, सापासारख्या वेटोळ्या नळीचं चित्र होतं.

"हे पाहा. परदेशात वाकणारी नळी करताहेत. काचेच्या केसासारख्या धाग्यांची. उजेड वळणातूनही आत जातो आणि डोळ्याला दिसतं. अजून तोंडावाटे पोटात पाहायलाच वापरतात. पण पुढंमागं मोठ्या आतड्यात, अगदी वरपर्यंत जाईल."

जयवंतानं चित्रावर बोट ठेवलं. मग विचारलं, "आपल्याकडं कधी येईन?"

"माहीत नाही."

"दोन वर्सात?"

"नाही." ते खिडकीबाहेर पाहू लागले. "दहा, पंधरा. आणि अमरावतीला त्याहूनही उशिरा."

"हे सांगाले बलावलं काय तुमी मले?"

भगवंतरावांनी मासिक आपल्याकडे ओढलं. त्यांना काय वाटलं होतं कोण जाणे. कदाचित, कोणीतरी तिच्या दुखण्यावर काम करत आहे हे तिला कळावं, एवढंच. जयवंताला त्यांची दया आली. ती म्हणाली, "बरं केलं सांगितलं. कोनाले तरी दिसन एक दिवस."

मग दाराशी जाऊन ती परत वळली. देवराव बाहेर बाकावर होता, त्याला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "साहेब, मी मेल्यावर पाहून घ्याल. तवा त आतडं फाटन म्हनून भेव नाई. नीट उघडून पाहा, कुठून येते ते. अन् ह्याइले सांगा."

"तुम्ही म्हणता म्हणून चालत नाही, बाई. घरच्यांची परवानगी लागते."

"मी देते म्हनते नं. माहं आंग आहे."

देवराव उठून दारात आला. "एकडाव फाडली तिले. काई सापडलं नाई. आता मेल्यावर नाई फाडू देनार. जशी हाये तशी जाईन ते."

"मले पाहाचं आहे म्हनून म्हनते," ती म्हणाली.

"तुले काय दिसनार आहे मेल्यावर?"

ती नवऱ्याच्या मागं रिक्षात बसली. वाटेत देवळाच्या गल्लीवरून जाताना तिनं पदर डोक्यावर ओढून घेतला आणि रिक्षातूनच नमस्कार केला.

१९६६ च्या श्रावणात, एका सोमवारी दुपारी, सिंधू मळ्यातून आली तेव्हा जयवंता पडवीत भिंतीला टेकून बसलेली होती. अंगाखालची गोधडी भिजली होती. तिनं सिंधूला जवळ येऊ दिलं नाही. "तू फुलं तोडून आली," ती म्हणाली. "मले नको शिवू. ह्याइले बलाव." देवराव विहिरीवरून धावत आला. त्यानं तिला उचललं तेव्हा ती पाचोळ्याइतकी हलकी लागली. रिक्षा यायच्या आत ती गेली. पावसाची झड लागणार म्हणून त्याच संध्याकाळी, दिवस असतानाच, तिला अग्नी दिला.

भगवंतरावांना चौथ्या दिवशी कळलं. दहाव्याला ते घरी आले. त्यांना खाट दिली तर ते खाली सतरंजीवर बसले. सिंधूनं चहा आणून ठेवला.

"शेवटी रक्त कसं होतं?" त्यांनी हळूच विचारलं. "लाल की काळपट?"

देवरावानं आठवून सांगितलं. आधी काळपट, मग लाल. लयच लाल.

डॉक्टरांनी खिशातून छोटी वही काढून ते लिहून घेतलं, तारीख घातली. देवराव त्यांच्या हाताकडे पाहत होता. त्यांचं लिहून झाल्यावर त्यानं विचारलं, "मंग, कुठून येत होतं म्हनता?"

भगवंतरावांनी वही मिटली. "मला सांगता येत नाही, देवराव," ते म्हणाले, आणि गार झालेला चहा त्यांनी उचलून पिऊन टाकला.